जवळचं रुग्णालय आणि योग्य रुग्णालय यांच्यामध्ये हरवणारा वेळ

मा. संपादक,

स.न.वि.वि.

नव्या कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयाच्या बंद धमन्या उघडण्याच्या खास कक्षाच्या, उद्घाटनाची बातमी आपल्या अंकात वाचली. अशी सोय उभी राहिली की मला मनापासून आनंद होतो. गुठळीनं बंद पडलेली धमनी फुग्यानं उघडायची आणि तिथे स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवायचा, ही अँजिओप्लास्टी म्हणजे हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यावरचा आजचा सर्वांत खात्रीचा उपचार आहे. पण बातमीच्या शेवटी 'आता परिसरातल्या रुग्णांना वेळेत उपचार मिळतील' असं एक वाक्य होतं आणि तिथे मी थांबले. कॅथलॅब आली म्हणजे वेळ आपोआप वाचत नाही. तो कुठे आणि कसा जातो हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण कृपया छापावं.

मी निवृत्त परिचारिका आहे. कॅथलॅब नसलेल्या एका लहान रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. छातीत कळ आलेल्या माणसाचे नातेवाईक कुठलं रुग्णालय सुसज्ज आहे याची चौकशी करत बसत नाहीत. ते त्याला उचलतात आणि सगळ्यांत जवळच्या दारात आणतात. ते दार आमचं असायचं. झटक्यावरच्या चर्चेत मोठ्या रुग्णालयांचे डॉक्टर बोलतात, यंत्रांचे फोटो छापले जातात. आमच्यासारख्या रुग्णालयात काय घडतं, ते मात्र कुणी विचारत नाही. रुग्ण जगणार की नाही आणि जगला तर कसा जगणार, याचा बराचसा निकाल तिथेच लागलेला असतो.

मोठा झटका म्हणजे काय, ते आधी सांगते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीनं पूर्ण बंद होते. ईसीजीच्या कागदावर ठरावीक ठिकाणी रेषा वर उचललेली दिसते. त्या क्षणापासून धमनीच्या वाट्याचा स्नायू मरू लागतो, आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे, टप्प्याटप्प्यानं. मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही, तिथे वण राहतो. ज्याला आपण 'वाचला' म्हणतो त्या माणसाला पुढे दोन जिने चढताना धाप लागते, पाय सुजतात, काम सोडावं लागतं, ते या वणामुळे. म्हणजे प्रश्न फक्त मरणाचा नाही. १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक विश्लेषण प्रसिद्ध झालं होतं. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तासाच्या आत दिलं तर दर हजार रुग्णांमागे ६५ जास्तीचे जीव वाचतात, दुसऱ्या तासात दिलं तर ३७, तिसऱ्या तासात २६, असा त्यातला हिशेब होता. औषध तेच आणि मात्राही तीच, फरक घड्याळाचा.

आता आमच्याकडची एक रात्र सांगते. ती कुठल्या एका रुग्णाची नाही, अनेकांची आहे. रुग्ण येतो, घामानं निथळलेला, राखाडी चेहऱ्याचा. ईसीजी काढतो. रेषा उचललेली आहे, शंका घ्यायला जागा नाही. ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण असतात, पण हा कागद त्यांनाही ओळखता येतो. तोंडात चघळायला ॲस्पिरिन देतो, सलाईनची सुई लावतो, मॉनिटर जोडतो. इथवर सगळं भराभर होतं. घोडं पेंड खातं ते पुढे, फोनवर.

पहिल्या रुग्णालयात फोन लागतो, तिथे बेड नाही. दुसरीकडे बेड आहे, पण 'सरांना विचारून सांगतो.' सर झोपलेले असतात किंवा दुसऱ्या केसमध्ये असतात. तिसरीकडून सांगतात, ईसीजी पाठवा. पाठवला की म्हणतात, फोटो हलला आहे, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवला की तो दुसऱ्या कुणाला तरी दाखवतात. मग फोन येतो, पाठवा रुग्णाला, पण आधी नातेवाईकांना पैशांचं समजावून सांगा. एवढ्यात रुग्णाला आणणारी ॲम्ब्युलन्स निघून गेलेली असते. दुसरी मागवायची. तिच्यात शॉक द्यायचं यंत्र आहे का, सोबत कोण जाणार, रेफरचं पत्र कुणी लिहायचं? हे सगळं होताना मी रुग्णाच्या उशाशी उभी असते आणि त्याची बायको दर दोन मिनिटांनी विचारते, "सिस्टर, काय झालं? कधी निघायचं?" मी काय सांगणार?

यात कुणी वाईट माणूस नसतो, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. बेड नाही म्हणणाऱ्याकडे खरंच बेड नसतो. ज्येष्ठ डॉक्टरांना विचारणारा तरुण डॉक्टर नियमच पाळत असतो. ॲम्ब्युलन्सच्या चालकाला पुढचा कॉल आलेला असतो. प्रत्येक जण आपापलं काम नीट करतो आणि तरी दीड तास निघून जातो, कारण या सगळ्यांच्या मधल्या वेळेला मालकच नाही. रुग्णाच्या पहिल्या फोनपासून त्याची धमनी उघडेपर्यंतचा अखंड वेळ ही ज्याची जबाबदारी आहे असं एकही माणूस, एकही कार्यालय, एकही टेबल नसतं. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण आहे.

मोठी रुग्णालयं वेळ मोजत नाहीत असं नाही. रुग्ण दारात आल्यापासून धमनीत फुगा फुगवेपर्यंतची मिनिटं ती काटेकोर मोजतात. ती ९० मिनिटांच्या आत असावीत हे उद्दिष्ट जगभर मान्य झालं आणि त्यासाठी खूप काम झालं. अमेरिकेत २००६ नंतर या मिनिटांच्या मागे मोठी मोहीम लागली. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरनंच कॅथलॅबचा चमू बोलवायचा, हृदयरोगतज्ज्ञ येऊन पाहीपर्यंत थांबायचं नाही. एका फोनवर सगळा चमू हलला पाहिजे आणि वीस मिनिटांत हजर झाला पाहिजे. अशा साध्या बदलांनी वेळ खरोखर खाली आला. पण २०१३ साली तिथल्या ५१५ रुग्णालयांचे आकडे प्रसिद्ध झाले. चार वर्षांत दारापासून फुग्यापर्यंतचा मध्यम वेळ (निम्म्या रुग्णांना त्याहून कमी लागतो, निम्म्यांना जास्त) ८३ मिनिटांवरून ६७ वर आला होता आणि रुग्णालयातल्या मृत्यूंचं प्रमाण मात्र ४.८ टक्क्यांवरून ४.७ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास होतं तिथेच. त्याचा अर्थ लावताना तज्ज्ञांनी बरीच कारणं दिली. मला त्यातलं एक पटतं, कारण ते मी पाहिलेल्या गोष्टीशी जुळतं. मोठ्या रुग्णालयाचं घड्याळ त्याच्या स्वतःच्या दारात सुरू होतं. रुग्णाचं घड्याळ त्याच्या कितीतरी आधी, घरात, शेतात, दुकानात सुरू झालेलं असतं आणि त्यातला मोठा तुकडा आमच्यासारख्या ठिकाणी खर्ची पडतो.

त्या तुकड्याचीही मोजणी झालेली आहे. ज्याला पुढे पाठवायचं आहे असा रुग्ण लहान रुग्णालयाच्या दारात आल्यापासून बाहेर पडेपर्यंत ३० मिनिटांहून जास्त लागू नयेत, असं म्हटलं जातं. २०११ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या २९८ रुग्णालयांमधले जवळपास १५ हजार रुग्ण होते. त्यांचा मध्यम वेळ निघाला ६८ मिनिटं आणि तीस मिनिटांच्या आत बाहेर पडलेले रुग्ण अवघे ११ टक्के. त्या थोड्यांमध्ये मृत्यू २.७ टक्के, बाकीच्यांमध्ये ५.९. उशीर होणारे रुग्ण मुळात जास्त आजारीही असतात, त्यामुळे हा सगळा फरक केवळ वेळेचा असं मी म्हणणार नाही. पण एवढी साधनं असलेल्या देशातही रुग्ण लहान रुग्णालयात तासाहून जास्त अडकतो, हे लक्षात घेतलं पाहिजे.

यावर उपाय सापडलेला नाही असं नाही. उलट फार चांगला सापडला आहे आणि गेली वीसेक वर्षं अनेक ठिकाणी चालू आहे. एका प्रदेशातली सगळी रुग्णालयं, ॲम्ब्युलन्स आणि नियंत्रण कक्ष यांचं एकच जाळं बांधायचं. सगळ्यांचे नियम एक, फोन नंबर एक, घड्याळ एक.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचं उदाहरण, कारण ते लहान रुग्णालयांपासून सुरू होतं. तिथल्या हृदयरोग संस्थेनं २००३ साली भोवतालच्या सुमारे तीस लहान रुग्णालयांशी करार केला. त्यातली काही ३०० किलोमीटरहून जास्त लांब होती. प्रत्येक ठिकाणी एक तयार पेटी ठेवली. औषधं, मात्रांचा तक्ता, तपासण्यांची यादी, पाठवणीचे कागद, सगळं त्यात. लहान रुग्णालयातल्या डॉक्टरनं ईसीजी पाहायचा आणि एक फोन करायचा. 'घेता का?' असं विचारायचं नाही, 'पाठवतोय' असं कळवायचं. त्या एका फोनवर तिकडे कॅथलॅब सुरू व्हायची, इकडे वाहन निघायचं आणि रुग्ण पोहोचला की कॅज्युअल्टीत न थांबता थेट टेबलावर. जवळच्या पट्ट्यातून आलेल्यांना आमच्यासारख्या पहिल्या दारापासून धमनी उघडेपर्यंत मध्यम वेळ लागला ९५ मिनिटं, लांबच्या पट्ट्यातून आलेल्यांना १२० मिनिटं. लांबच्यांना निघण्याआधी गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची अर्धी मात्रा दिली जायची. लांबून आलेले आणि मोठ्या रुग्णालयात थेट दाखल झालेले, यांच्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक राहिला नाही. माणूस कुठे राहतो यावर त्याचं जगणं ठरू नये, ही गोष्ट एका जाळ्यानं साधली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या पेटीबद्दलची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आमच्याकडे त्यातली प्रत्येक वस्तू होती, पण वेगवेगळ्या कपाटांत आणि एका कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे.

बाकीची उदाहरणं थोडक्यात. डेन्मार्कमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीनं दाखवलं की दोन तासांच्या आत पोहोचवता येत असेल, तर लहान रुग्णालयात औषध देऊन ठेवून घेण्यापेक्षा अँजिओप्लास्टीसाठी पुढे पाठवणं जास्त चांगलं. कॅनडातल्या ओटावात ॲम्ब्युलन्समधल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना ईसीजी वाचायला शिकवलं आणि लहान रुग्णालय ओलांडून थेट कॅथलॅबकडे जायची परवानगी दिली. थेट नेलेल्यांचा पहिल्या दारापासून धमनी उघडेपर्यंतचा मध्यम वेळ ६९ मिनिटं भरला, वाटेत दुसऱ्या रुग्णालयात थांबून आलेल्यांचा १२३. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यानं ६५ रुग्णालयं पाच विभागांत बांधली आणि लहान रुग्णालयातून बाहेर पडण्याचा वेळ १२० मिनिटांवरून ७१ वर आणला. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नात मोठ्या रुग्णालयांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या. आज रात्री कुणाची कॅथलॅब उघडी आहे, हे ॲम्ब्युलन्सला आधीच माहीत असायचं. तिथे धमनी उघडण्याचा कुठलाच उपचार न मिळालेल्या रुग्णांचं प्रमाण ३४ टक्क्यांवरून १३.४ टक्क्यांवर आलं आणि रुग्णालयातले मृत्यू १६ टक्क्यांवरून ९.५ वर. एकमेकांचे रुग्ण ओढणाऱ्या रुग्णालयांनी एका वेळापत्रकावर सह्या केल्या, हे मला त्या आकड्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असं कुणी म्हणेल. म्हणून तमिळनाडूचं सांगते. तिथे चार समूह केले. प्रत्येक समूहाच्या मध्यभागी कॅथलॅब असलेलं मोठं रुग्णालय आणि भोवती त्याला जोडलेली लहान रुग्णालयं. ईसीजी आणि रुग्णाची माहिती एकाच यंत्रातून पुढे जायची. जिथून वेळेत पोहोचणं शक्य नाही, तिथे आधी औषध आणि मग पाठवणी. २,४२० रुग्णांची नोंद झाली. जाळं सुरू होण्याआधीच्या रुग्णांत वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्के होते, नंतरच्यांत १४.२. पहिल्या काही दिवसांतल्या, रुग्णालयातल्या मृत्यूंत मोठा फरक दिसला नाही. तो दिसला वर्षाच्या हिशेबात. मघाशी मी वणाबद्दल लिहिलं ते इथे आठवावं. वेळेत उघडलेल्या धमनीचा फायदा डिस्चार्जच्या दिवशी दिसेलच असं नाही.

आता आमच्या बाजूनं काही गोष्टी. या जाळ्याचे आराखडे बहुतेक वेळा मोठ्या रुग्णालयाच्या खोलीत बसून आखले जातात आणि तिथून या गोष्टी दिसत नाहीत.

ईसीजी दहा मिनिटांत निघाला पाहिजे, असं सगळेच म्हणतात. तो निघतो, पण एका अटीवर. केसपेपरच्या आधी ईसीजी, हा नियम लेखी पाहिजे आणि नर्सनं तो कुणालाही न विचारता काढायचा, असा तिला अधिकार पाहिजे. छातीत दुखतंय म्हणणारा माणूस रांगेत उभा राहून नाव-पत्ता सांगतो आहे, हे दृश्य मी फार वेळा पाहिलं आहे. शिवाय सगळे 'छातीत दुखतंय' म्हणतही नाहीत. मधुमेही, वयस्कर माणसं आणि पुष्कळ बायका नुसतं दम लागतोय म्हणतात, जबडा किंवा पाठ दुखते म्हणतात, मळमळतंय, गळून गेल्यासारखं वाटतंय म्हणतात. अशांना बाकावर बसवून ॲसिडिटीचं औषध दिलं जातं. आमच्या जुन्या मेट्रननं आम्हाला एक सवय लावली होती. चाळिशीपुढचा माणूस, नाभी ते जबडा यांच्यामधली कुठलीही नवी तक्रार आणि सोबत घाम, की आधी ईसीजी. त्यात काही कागद वाया जातात. जाऊ देत.

ईसीजी लांबवर पाठवणं ही तर अडचणच असू नये. ईसीजीचे जनक आइंटहोवेन यांनी १९०५ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये टेलिफोनच्या तारेवरून रुग्णालयातल्या रुग्णाचा ईसीजी दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता. अडचण तारेची नाही, पलीकडे कोण बसलं आहे याची आहे. चोवीस तास एक प्रशिक्षित माणूस, एक नंबर आणि पाच मिनिटांत 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याचं बंधन पाहिजे. ईसीजी दहा जणांच्या ग्रुपवर टाकला की तो सगळे पाहतात आणि उत्तर कुणीच देत नाही.

नकाराचा अधिकार काढून घेतला पाहिजे. जाळ्यात सामील झालेल्या कॅथलॅबला मोठ्या झटक्याचा रुग्ण नाकारता येणार नाही, ही अट करारात हवीच. बेड नसेल तरी टेबल असतं. आधी धमनी उघडा, बेडचा प्रश्न त्यानंतर सोडवता येतो. टेबलावर दुसरा रुग्ण असेल, तर पर्यायी रुग्णालय शोधण्याचं काम त्या रुग्णालयाचं किंवा नियंत्रण कक्षाचं. आमच्या तरुण डॉक्टरचं नाही, कारण त्यानं त्या वेळी रुग्णापाशी असायला हवं. पैशांची बोलणीही धमनी उघडल्यावर. एका सहीसाठी नातेवाईकांना दारात उभं ठेवण्याची पद्धत ज्यांना सोडायची नसेल, त्यांना जाळ्यात घेऊच नये.

ॲम्ब्युलन्सबद्दलही तेच. झटक्याचा संशय असलेला रुग्ण आणणाऱ्या ॲम्ब्युलन्सनं ईसीजी निघेपर्यंत थांबायचं. पुढे पाठवायचं ठरलं तर त्याच गाडीत, शक्यतो त्याच स्ट्रेचरवर. दुसरी गाडी मागवण्यात आमचा जेवढा वेळ गेला, तेवढा कशातच गेला नसेल. आणि गाडीत शॉक देण्याचं यंत्र आणि ते वापरता येणारा माणूस असलाच पाहिजे. झटक्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयाचे ठोके अचानक भरकटून माणूस जागीच जातो. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये डॉ. पँट्रिज यांनी १९६६ साली मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं यंत्र ॲम्ब्युलन्समधून रुग्णाच्या घरी नेलं, ते यासाठीच. नातेवाईकांच्या गाडीतून निघालेल्या रुग्णाला वाटेत असं झालं, तर कुणाच्याच हातात काही उरत नाही. म्हणून आपल्या वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, स्वतःची गाडी काढू नका, ॲम्ब्युलन्सला फोन करा.

आता औषधाबद्दल, आणि इथे मला जरा जास्त लिहायचं आहे. पहिल्या संपर्कापासून १२० मिनिटांच्या आत धमनी उघडता येणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं औषध जिथे रुग्ण आहे तिथेच लगेच द्यावं, असं सगळी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. वजनाप्रमाणे एकदाच टोचायचं टेनेक्टेप्लेज हे औषध आल्यापासून ते देणं अवघडही राहिलेलं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्ट्रीम' चाचणीत तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेले १,८९२ रुग्ण होते. निम्म्यांना आधी हे औषध आणि नंतर अँजिओग्राफी (धमन्यांची चित्रं काढणारी तपासणी), निम्म्यांना थेट अँजिओप्लास्टी. महिन्याभरानं दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखे आले. तरीही लहान रुग्णालयात ते दिलं जात नाही. कारण भीती. या औषधानं साधारण शंभरात एकाला मेंदूत रक्तस्राव होतो आणि तो झाला तर दोष इंजेक्शन टोचणाऱ्यावर येतो. औषध न दिल्यामुळे जो स्नायू मरतो, त्याचा दोष मात्र कुणावरच येत नाही. तो नशिबाच्या खात्यात जातो. तरुण डॉक्टरला या कात्रीतून सोडवायचं असेल, तर निर्णय एकट्याचा नको. आधी मेंदूत रक्तस्राव, अलीकडे पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली आहे का, रक्तदाब हाताबाहेर आहे का, अशा प्रश्नांची छापील यादी हवी. पलीकडे तज्ज्ञ हवा, त्यानं 'द्या' म्हणायचं आणि आपलं नाव नोंदवायचं. पंचाहत्तरीपुढच्यांना अर्धी मात्रा, हेही यादीतच छापलेलं असावं. जबाबदारी जाळ्याची झाली की हात थरथरत नाहीत.

औषध दिल्यावर 'आता बघू' म्हणून रुग्णाला ठेवून घ्यायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. गुठळी प्रत्येकाची विरघळत नाही. 'स्ट्रीम'मध्ये औषध दिलेल्या ३६ टक्के रुग्णांना तातडीनं अँजिओप्लास्टी करावी लागली. म्हणून औषध टोचलं की गाडी निघाली पाहिजे. तास-दीड तासात ईसीजीची रेषा खाली आली का ते वाटेत किंवा पोहोचल्यावर पाहता येतं, आणि आली नसेल तर रुग्ण योग्य जागी असतो.

खोट्या इशाऱ्यांबद्दल मोठ्या रुग्णालयांची तक्रार असते. रात्री तीन वाजता चमू बोलवावा आणि धमनी मोकळी निघावी, याचा वैताग मला समजतो. पण मिनियापोलिसच्याच जाळ्यात १४ टक्के रुग्णांत झटक्याला कारण ठरलेला अडथळा सापडला नव्हता आणि तरी ते जाळं उत्तम मानलं जातं. एकदाही न चुकणारी कॅज्युअल्टी म्हणजे खरे रुग्ण मागे ठेवणारी कॅज्युअल्टी. एका खोट्या इशाऱ्यावरून आमच्या डॉक्टरला फोनवर फैलावर घेतलं गेलं, तर पुढच्या रात्री तो फोन करायला अर्धा तास उशीर करतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि एक गोष्ट, जिला पैसा लागत नाही. पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे आम्हाला कधीच कळायचं नाही. जाळ्याचा नियम असा हवा की दुसऱ्या दिवशी पाठवणाऱ्या रुग्णालयाला आणि ॲम्ब्युलन्सच्या चमूला एक कागद जाईल. कळ कधी सुरू झाली, फोन कधी केला, ईसीजी कधी निघाला, गाडी कधी हलली, धमनी कधी उघडली आणि रुग्ण कसा आहे. सगळ्या वेळा एकाखाली एक लिहिल्या की कुठे वेळ गेला ते कुणी बोट न दाखवता दिसतं. महिन्यातून एकदा या कागदांवर सगळ्यांनी एकत्र बसावं. हृदयरोगतज्ज्ञ, कॅज्युअल्टीचे डॉक्टर, नर्स, नियंत्रण कक्षात फोन घेणारी व्यक्ती, आणि ॲम्ब्युलन्सचा चालकही. कुठला रस्ता रात्री बंद असतो आणि मोठ्या रुग्णालयाच्या कुठल्या गेटला कुलूप असतं, हे त्या खोलीत फक्त चालकालाच माहीत असतं.

या सगळ्याला एक कार्यालय लागेल, स्पर्धेत नसलेलं. कुठल्याही एका रुग्णालयाकडे हे जाळं सोपवलं की बाकीच्यांना ते त्यांचं गिऱ्हाईक पळवण्याचं साधन वाटणार आणि ते बाहेर राहणार. ॲम्ब्युलन्सचं नियंत्रण ज्या सार्वजनिक यंत्रणेकडे असेल तिच्याकडेच हे द्यावं. किती वेळात पोहोचता येतं त्यावर नकाशा आखावा, सरकारी हद्दीवर नाही. नदीपलीकडचं रुग्णालय दुसऱ्या हद्दीत आहे म्हणून रुग्णाला चाळीस किलोमीटर उलट न्यायचं, असं व्हायला नको.

लोकजागृतीची फलकबाजी आधी करावी, असं सुचवणारे पुष्कळ आहेत. लोक उशिरा येतात हे खरंच आहे. पहाटे कळ आलेला माणूस उजाडण्याची वाट पाहतो. कुणाला त्रास नको, म्हणून बायका तर संध्याकाळपर्यंत अंगावर काढतात. त्यांना सांगायलाच हवं. पण लोकांना 'लवकर या' सांगायचं आणि आल्यावर त्यांना आमच्या खाटेवर फोनाफोनीची वाट पाहायला लावायचं, हे मला पटत नाही. दोन्ही कामं एकदमच झाली पाहिजेत.

संपादक महोदय, नव्या कॅथलॅबची बातमी आपल्या वार्ताहरांनी पुन्हा एकदा करावी अशी माझी विनंती आहे, सहा महिन्यांनी, फुलांच्या माळा उतरल्यावर. त्यांनी तिथे विचारावं: दुसऱ्या रुग्णालयातून आलेल्या रुग्णांचा त्यांच्या पहिल्या दारापासून धमनी उघडेपर्यंतचा मध्यम वेळ किती? रात्री दहानंतर आलेल्यांचा किती? किती रुग्ण फोनवर नाकारले आणि ते पुढे कुठे गेले? उत्तरं आली तर तारखेसह छापावीत. नोंदच नाही असं उत्तर आलं, तर तेही छापावं. आणि असं जाळं उभारायला कुणी बसणार असेल, तर पहिल्याच बैठकीला लहान रुग्णालयांच्या रात्रपाळीच्या नर्सना बोलवावं. बोलावलं तर मीही येईन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)